आधी मानशीचे दार किती वेळ उघडे राहते ते मोजा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या सरांनी विचारले आहे. अकरावीतल्या पाच मुलामुलींचा संघ हवामान बदलावर उपाय सुचवण्याच्या स्पर्धेत उतरतो आहे. ऑगस्टअखेर लेखी प्रस्ताव द्यायचा आणि तो निवडला गेला तर ऑक्टोबरात प्रतिकृतीसह सात मिनिटांचे सादरीकरण करायचे. मुलांची कल्पना अशी की नदीचे खारे पाणी खाजन शेतीत, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, शिरले की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना देणारे ॲप बनवायचे. दोघांचा मात्र आग्रह आहे की वृक्षारोपणच करूया. विषय बरोबर आहे का, परीक्षक काय बघतात, कामे कशी वाटावीत आणि शिक्षकाने किती हात घालावा, हे त्यांचे प्रश्न.

सर, मुलांनी खाजन निवडले हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मी जलअभियंता आहे. नोकरीतली बहुतेक वर्षे निचरा, बांध आणि पूर यांतच गेली. गेली बारा-तेरा वर्षे विद्यार्थ्यांच्या संघांबरोबर काम करते, काही स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. माझ्यापुढे येणाऱ्या प्रस्तावांत प्लास्टिकच्या विटा, सौर दिवे आणि झाडे यांचीच गर्दी असते. शाळेतून चालत जाता येईल अशा जागेवरचा प्रश्न घेऊन येणारा संघ क्वचितच भेटतो. तुमच्या मुलांकडे तो प्रश्न दाराशी आहे, तो सोडू नका.

ॲप मात्र तूर्त बाजूला ठेवा. त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. ऑगस्टात मुले नदीवर क्षारता मोजायला गेली तर मोजण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. घाटाकडून येणाऱ्या लोंढ्याने खारे पाणी मुखाकडे ढकललेले असते. खाजनातली भातशेती उभीच आहे ती या हिशोबावर. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि मग पेरणी होते. कोरगुटासारखी खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची जात आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जपली ती याचसाठी. उन्हाळ्यात चित्र उलटे होते. वरून पाणी येणे थांबते आणि भरतीबरोबर खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. बांधाला खांड, म्हणजे खिंडार, पडली आणि त्यातच पावसाने उघडीप दिली तर पावसाळ्यातही मीठ शिरते, हे खरे. पण क्षारतेची सलग नोंद ठेवायची तर ती पावसाळा सरल्यावर, आणि तुमची स्पर्धा ऑक्टोबरात संपते. हाती स्वतःचे आकडे नसताना लिहिलेला प्रस्ताव दुसऱ्या पानावर लंगडा पडतो.

पावसाळ्यात मोजण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाची आहे. शेतात साचलेले पावसाचे पाणी नदीत उतरायला किती वेळ मिळतो, ती गोष्ट.

मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार, कशी चालते हे तुमच्या मुलांना ठाऊक असेलच, तरी सांगते, कारण बाकीचे सगळे यावर अवलंबून आहे. बांधात दगडी चौकट, तिच्यात लाकडी दार. नदीला भरती आली की बाहेरचे पाणी दाराला रेटते आणि दार मिटते. ओहोटीला नदी खाली गेली की आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना वीज. भरती-ओहोटीच दाराची राखण करते. गोव्यातली सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन या एका युक्तीवर समुद्रसपाटीच्या आसपास, काही ठिकाणी तिच्याही खाली, शेती करत आली आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संघाबरोबर मी चोडण बेटावर गेले होते. रायबंदरच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट घेतली, पलीकडे उतरून बांधावरून चालत मानशीपाशी पोचलो तेव्हा भरती चढत होती. दार चौकटीला घट्ट बसले होते. फटींतून दोन-तीन बारीक धारा आत गळत होत्या, तेवढेच. आम्ही दर पाच सेंटिमीटरला लाल रेघ मारलेल्या दोन काठ्या नेल्या होत्या. एक नदीच्या बाजूला रोवली, एक शेताच्या बाजूला. मग बसून राहिलो. दोन तास काही घडले नाही. मुली कंटाळल्या, डबे उघडले, कुणीतरी बांधावरची खेकड्यांची बिळे मोजायला लागली. हळूहळू नदीतल्या काठीच्या ओल्या रेघा एकेक करून वर उरू लागल्या. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच रेघेवर आले आणि कुणी हात न लावता दार हलले. आधी बोटभर, मग वीतभर. आतले गढूळ पाणी पाने, शेवाळ, एक छोटा खेकडा असे सगळे घेऊन बाहेर पडू लागले. हातात वही असलेली मुलगी एकदम ओरडली, ‘दहा सत्तेचाळीस!’ त्या संघाने नंतर जे काही केले ते त्या एका नोंदीवर उभे राहिले.

आमच्याबरोबर एक वयस्कर शेतकरी बसले होते. ते म्हणाले, ‘बाई, माझ्या बापाच्या वेळी हे दार याहून जास्त वेळ उघडे असायचे.’ एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा झाला असे मी म्हणणार नाही. पण तिच्यातून प्रश्न मिळाला, आणि तो प्रश्न हवामान बदलाच्या अगदी मुळाशी जातो.

तुमच्या मुलांना हे गणित करायला द्या. अकरावीच्या त्रिकोणमितीत बसते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक पडतो असे धरा. शेतातले पाणी नदीच्या सरासरी पातळीला असेल तर दार त्यातला निम्मा वेळ उघडे राहील, म्हणजे ६ तास १२ मिनिटे. आता समुद्र २० सेंटिमीटरने वर चढवा आणि शेत आहे तिथेच ठेवा. भरती-ओहोटीचा वक्र साइनसारखा मानला तर ही वेळ ५ तास २५ मिनिटांवर येते. दर ओहोटीला पाऊण तास कमी. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा फरकच कमी असतो. तो एक मीटर धरला तर वेळ ४ तास ३५ मिनिटे उरते, म्हणजे दीड तासाहून जास्त गेला. उधाणाला बांध फुटण्याची भीती सगळ्यांना असते. निचऱ्याचे नुकसान मात्र भांगाच्या शांत दिवसांत जास्त होते. हे कागदावर उतरले की मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो बघण्यासाठीच मी हे काम करते.

२० सेंटिमीटर हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची आंतरसरकारी समिती, तिच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी तेवढीच वाढली. २००६ ते २०१८ मध्ये तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. हाच वेग धरला तर पुढचे २० सेंटिमीटर यायला ५४ वर्षे लागतील, आणि वेग तर वाढतो आहे. दुसऱ्या बाजूने, हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कमी वेळात जास्त पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढतात. आत येणारे पाणी वाढणार, बाहेर जायला मिळणारा वेळ घटणार. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद एवढाच असू दे. मे २०२१ चे तौक्ते वादळ आणि त्याच जुलैत सत्तरी-डिचोलीत आलेला पूर मुलांच्या आठवणीत असेल. त्यांचा उल्लेख जरूर करा, पण ‘हे हवामान बदलामुळेच झाले’ असे ठोकून देऊ नका. एका घटनेवरून तसे म्हणता येत नाही आणि जाणता परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

आता ॲपबद्दलचे दुसरे कारण. ते सांगताना मला माझी एक चूक सांगावी लागेल.

एका गावात आमच्या संघाने मानशीवर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला होता. सौर पॅनेल, बॅटरी, सिमकार्ड, सगळे मुलांनी स्वतः जोडले. प्रत्येक तासाला आकडा मोबाइलवर यायचा. स्पर्धेत बक्षीस मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या फेब्रुवारीत मी त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. पेटीत पाणी शिरून आतली जोडणी हिरवी पडली होती. सिमचे रिचार्ज केव्हाच संपले होते. मुले बारावी होऊन पांगली होती आणि पेटीची किल्ली त्यांच्यातल्याच एकाच्या घरी राहिली होती. गावातल्या लोकांनी पेटीला हात लावला नाही, कारण ती त्यांची आहे असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सेन्सर कसा जोडायचा हे मी मुलांना नीट शिकवले होते. तो पुढे कोण सांभाळणार हे विचारायला मी विसरले. फार वाईट वाटले. तेव्हापासून प्रत्येक संघाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्ही गेल्यावर हे कोण चालवेल, आणि त्याला ते चालवावेसे का वाटेल?

खाजनाचा सगळा इतिहास या प्रश्नाचा आहे. पूर्वी गावकारी, म्हणजे ज्याला आपण कोमुनिदाद म्हणतो ती गावाच्या सामायिक जमिनीची संस्था, बांध-मानशींची डागडुजी पाहायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांध राखायचा अशी रीत. ज्याने लिलाव घेतला त्याचे हित मासळीत, ज्याचे शेत आहे त्याचे हित भातात. मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले जाते ही तक्रार खाजनाच्या गावांत नेहमी ऐकू येते. अशा ठिकाणी ‘खारे पाणी आले’ अशी सूचना देणारे ॲप शेतकऱ्याला काय नवीन सांगणार? पाणी का आले ते त्याला माहीतच असते. म्हणून मुलांना दोन्ही बाजूंकडे पाठवा. शेतकऱ्याकडे जातील तसेच मानस घेतलेल्या माणसाकडेही जाऊ द्या, आणि त्याला गुन्हेगार समजून जाऊ देऊ नका. दार केव्हा उघडायचे, कोण उघडतो, फळी कुजली तर सुतार कुठून येतो, पैसे कोण देतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

मग उपाय काय सुचवायचा? तो मी ठरवून देणार नाही, मुलांच्या नोंदी सांगतील. पण कोणत्या दिशांना जाता येईल ते दाखवते. दाराच्या फटींतून भरतीला किती पाणी गळते ते मोजून, चौकटीला रबराची पट्टी बसवून गळती किती घटते ते पाहता येईल. आतल्या पोयीत, म्हणजे मानशीकडे पाणी आणणाऱ्या चरात, गाळ साचला असेल तर दार उघडे असूनही पाणी दारापर्यंत पोचत नाही. काठी बुडवून पोयीची खोली दर वीस पावलांवर मोजली की एका दिवसात नकाशा तयार होतो. पावसाआधी नेमका कुठला तुकडा उपसायचा हे त्या नकाशावरून संघटनेला सांगता येते, आणि सगळी पोय उपसण्यापेक्षा ते किती स्वस्त पडते याचा हिशोबही मांडता येतो.

मला स्वतःला आवडणारी कल्पना आणखी साधी आहे. मानशीवर रंगवलेली पातळीची पट्टी आणि संघटनेच्या खोलीत टांगायची भरती-ओहोटीची दिनदर्शिका. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा आडाखा मुलांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा आडाखा मुरगाव बंदराच्या छापील कोष्टकाशी महिनाभर ताडून पाहा. मग तुमच्या मानशीवर प्रत्यक्ष भरती त्यानंतर किती मिनिटांनी येते ते पाहा, कारण नदीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. तुमच्या मानशीपुरता तो फरक छापील कोष्टकात सापडणे कठीण. तो तुमच्या मुलांनाच मोजून काढावा लागेल. सूचना द्यायचीच असेल तर शेतकऱ्यांचा आधीच असलेला व्हॉट्सॲप गट आहे, त्यात कोकणीतून आवाजी निरोप जाऊ दे. नवे ॲप डाउनलोड करायला लावण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

वृक्षारोपण म्हणणाऱ्या दोघांना गप्प बसवू नका. त्यांच्यासाठी यात खरे काम आहे. बांधाच्या नदीकडच्या बाजूची खारफुटी लाटांचा मार झेलते, बांध राखते. तीच खारफुटी शेताच्या बाजूला उगवली तर गोष्ट वेगळी. खांड वेळेत बुजवली नाही की काही वर्षांत शेतात तिवरांची दाटी होते. खारफुटीला किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे, त्यामुळे ती तोडता येत नाही आणि शेत कायमचे हातचे जाते. एकच झाड बांधाच्या एका बाजूला राखणदार आणि दुसऱ्या बाजूला शेत गेल्याची खूण. त्या दोघांनी तुमच्या बांधाचा पाचशे मीटरचा तुकडा घ्यावा आणि दोन्ही बाजूंना काय उगवले आहे, खेकड्यांची बिळे कुठे आहेत, माती कुठे खचली आहे हे कागदावर उतरवावे. ‘आम्ही हजार झाडे लावू’ या वाक्यापेक्षा असा एक नकाशा मला परीक्षक म्हणून कितीतरी जास्त सांगतो.

परीक्षक काय बघतात हा तुमचा प्रश्न. सगळ्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही, माझे सांगते. प्रस्ताव हातात आला की मी मुलांनी स्वतः मोजलेला आकडा शोधते. इंटरनेटवरून उचललेले दहा आकडे असतात, पण ‘आम्ही सहा ओहोट्या मोजल्या, दार सरासरी इतका वेळ उघडे होते, सर्वांत कमी अमुक दिवशी’ असे एक वाक्य असले की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. मग पाहते, कुणी त्यांच्या कल्पनेला नाही म्हटले का, आणि त्यावर त्यांनी काय केले. मग खर्च. बहुतेक संघ बनवण्याचा खर्च देतात आणि राखण्याचा विसरतात. पट्टी दरवर्षी रंगवायला किती, रबर किती वर्षांनी बदलायचे, ते बाजारात कुठे मिळते, हे लिहिलेले असले की समजते, ही मुले कुणाशी तरी नीट बोलून आली आहेत.

एक प्रश्न तुमच्या मुलांना नक्की विचारला जाईल: ‘यात कार्बन किती वाचला?’ त्या क्षणी घाबरून खोटा आकडा तयार करू नका. हवामान बदलावरचे काम दोन प्रकारचे असते. एक उत्सर्जन कमी करण्याचे, दुसरे बदललेल्या परिस्थितीत तगून राहण्याचे, ज्याला अनुकूलन म्हणतात. तुमचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. तसे स्वच्छ सांगा. निचऱ्यासाठी तिथे डिझेलचा पंप लावावा लागत असेल तर वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा हिशोब जोडता येईल, पण पंप खरोखर चालत असेल तरच.

(उत्सर्जनाचा विषय घेतलेल्या एका संघाने गावातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत रोज किती लाकूड जाते ते आठवडाभर पहाटे चारला उठून तराजूवर तोलले होते. त्यांना फार मोठा उपाय सापडला नाही, पण भट्टीचे तोंड पावांच्या दोन खेपांमध्ये उघडे राहते तेव्हा किती उष्णता वाया जाते हे त्यांनी दाखवून दिले. ते काम मला अजून आठवते.)

प्रतिकृतीबद्दल. थर्माकोलचे डोंगर, हिरवा रंग दिलेला भुसा आणि निळ्या कागदाची नदी यात एक मिनिटही घालवू नका. प्लास्टिकचा मोठा टब घ्या, मधोमध फळीचा बांध, त्यात तळहाताएवढे दार. एका बाजूला मगने पाणी ओतले की भरती, नळीने काढले की ओहोटी. बिजागरीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा उत्तम, लोखंडी बिजागरी एवढ्या लहान दाराला जड जाते आणि दार हलतच नाही. दार पाण्याहून किंचित जड हवे, नाहीतर ते तरंगते, मिटत नाही. आमचे पहिले दार थर्माकोलचे होते, ते आडवे होऊन पाण्यावर पडून राहिले. दुसऱ्यांदा खालच्या कडेला दोन नाणी चिकटवली तेव्हा कुठे बसले. पहिल्या प्रयत्नात ते गळणार. गळू दे. दर मिनिटाला किती मिलिलिटर गळते ते मोजा, रबर लावून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे परीक्षकांसमोर ठेवा. मग बाहेरची पातळी दोन बोटे वाढवून दाखवा: आतले पाणी निघायला आता किती वेळ मिळतो? सात मिनिटांतली तीन यावर खर्च झाली तरी चालतील. समुद्राची पातळी वाढणे म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी काय, हे टबातल्या त्या दाराइतके कुठलीही स्लाइड सांगू शकत नाही.

कामांची वाटणी पहिल्या दिवशी करू नका. पहिले दोन आठवडे पाचही जणांनी सगळेच करावे. कोण लोकांशी सहज बोलतो, कोणाची वही नीटनेटकी, कोणाला गणितात गोडी आणि कोणाच्या हातात हत्यार शोभते हे तुम्हाला आपोआप दिसेल. नोंदींची वही मात्र एकाच माणसाकडे असावी. माझा अनुभव असा की ती वर्गात कमी बोलणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावी. सादरीकरणात प्रश्न आला की सगळे त्या वहीकडे वळतात आणि ते मूल बोलू लागते.

भाषेची काळजी करू नका. शेतकऱ्यांशी कोकणीत बोला, नोंदी मराठीत ठेवा. स्पर्धेच्या नियमात इंग्रजी सक्तीचे असेल तर शेवटी भाषांतर करा, पण मानस, पोय, खांड, उधाण हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ सांगा. या शब्दांत व्यवस्थेचे ज्ञान भरलेले आहे, दुसऱ्या शब्दात ते सांडते.

आणि तुम्ही, सर. संघटनेकडून आणि पालकांकडून लेखी परवानगी घेणे, कोणाला भेटायचे ते सुचवणे, आणि मुलांच्या प्रत्येक वाक्यावर ‘हे तुम्हाला कसे कळले?’ असे विचारणे, एवढे तुमचे काम. प्रस्ताव टाइप करायला बसू नका. शिक्षकाने लिहिलेला परिच्छेद चार ओळींत ओळखू येतो, आणि मग मुलांनी खरोखर केलेल्या कामावरही शंका घेतली जाते. तो अन्याय मी होताना पाहिला आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र तुम्ही पूर्ण हात घाला. दार उघडे असताना मानशीच्या तोंडाशी पाण्याची ओढ जबरदस्त असते, वरून पाहताना ती कळत नाही. तिथे कुणीही पाण्यात उतरायचे नाही, दारावर किंवा चौकटीवर उभे राहायचे नाही. काठ्या रोवायचे काम तिथल्या माहितगार माणसाकडून ओहोटीला करून घ्या. दोन मोठी माणसे कायम बरोबर हवीत, लाइफ जॅकेट हवीत, आणि पुराचा इशारा असेल त्या दिवशी घरीच थांबा. पायाला जखम असलेल्या मुलाने चिखलात जायचे नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, गमबूट घाला आणि घरी गेल्यावर पाय साबणाने धुवा. चार नोंदी कमी झाल्या तरी चालतील.

ऑगस्टअखेरीपर्यंत किमान दोन उधाणे आणि दोन भांग मिळायला हवेत, त्यामुळे येत्या अमावास्येपासून सुरुवात करा. दोनशे पानी वही घ्या, पेन्सिलने लिहा, शाई पावसात पसरते. रकाने असे आखा: तारीख आणि तिथी, पाऊस पडत होता की नाही, मुरगावच्या कोष्टकातली भरतीची वेळ, नदीच्या काठीवरची पातळी, शेताच्या काठीवरची पातळी, दार उघडल्याची वेळ, मिटल्याची वेळ. आणि शेवटी एक रुंद रकाना मोकळा ठेवा: आज दार आपोआप उघडले की कुणी उघडले, आणि उघडले असेल तर कुणी व का.